दोघांचाही कोड बरोबर, तरी बिल्ड फेल! लिनक्समध्ये हजारो लोकांचे बदल एकत्र कसे येतात?

बदलापूरहून सकाळची लोकल पकडणाऱ्यांना हा अनुभव असेलच. अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी करत गाडी वेळेत येते आणि कल्याणच्या तोंडावर सिग्नलला थांबते. कसाऱ्याकडून येणाऱ्या गाड्याही तिथेच मिळतात. दोन्ही गाड्या वेळेवर असल्या तरी एकीला आधी सोडावंच लागतं.

माझा लिनक्स कर्नलमधला एक बदल असाच अडकला होता.

आधी कर्नल म्हणजे काय ते बघू. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये हार्डवेअर आणि अ‍ॅप्स यांच्या मधे बसून काम करतो तो लिनक्स कर्नल. लिनस टोरवाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये सुरू केला. आज साधारण ९-१० आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीत १०,००० हून जास्त बदल असतात. एकटा माणूस एवढं वाचणार कसं?

म्हणून कामाची वाटणी आहे. वायफाय, यूएसबी, मेमरी अशा प्रत्येक विभागाला मेंटेनर असतात. कोणता भाग कोणाकडे, हे कोडसोबतच्या 'मेंटेनर्स' नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तुम्ही पॅच त्यांना पाठवायचा. ते तपासून आपल्या शाखेत घेतात आणि वर पाठवतात. शेवटी सगळं लिनसपर्यंत पोहोचतं. एवढ्या शाखा सांभाळता याव्यात म्हणूनच त्यांनी २००५ मध्ये गिट बनवलं.

वेळही ठरलेली आहे. आवृत्ती आली की दोन आठवडे 'मर्ज विंडो' उघडी असते. नवे बदल तेव्हाच आत जातात. मग दर आठवड्याला एक चाचणी आवृत्ती येते आणि तोवर फक्त दुरुस्त्या घेतल्या जातात. खिडकी चुकली की पुढच्या फेरीची वाट बघायची.

आता माझी गोष्ट. मी एका ड्रायव्हरमध्ये छोटी दुरुस्ती केली. त्यात एक तयार फंक्शन वापरलं. लॅपटॉपवर सगळं मस्त चाललं. त्याच आठवड्यात दुसऱ्या विभागात कोणीतरी त्या फंक्शनला एक जास्तीचा पॅरामीटर जोडला. जुने सगळे वापर त्याने नीट बदलले, पण माझा नवा वापर त्याला दिसणार कुठून? फाइल्स वेगळ्या, म्हणून गिटनेही तक्रार केली नाही. दोन्ही शाखा जोडल्यावर मात्र बिल्ड कोसळलं.

हे पकडलं 'लिनक्स-नेक्स्ट'ने. पुढच्या आवृत्तीसाठी तयार असलेल्या सगळ्या शाखा तिथे आधीच जोडून बघतात, म्हणजे टक्कर लिनसपर्यंत पोहोचायच्या आत कळते. मी पॅच फक्त आमच्या विभागाच्या शाखेवर तपासला होता. चूक माझीच. मेंटेनरने तो परत पाठवला, दुसरा बदल आधी गेला आणि माझा पुढच्या फेरीत. दोन महिने गेले.

तेव्हा राग आला होता. पण तो कोड तसाच पुढे गेला असता, तर माझ्या चार ओळींपायी हजारो लोकांचं बिल्ड अडलं असतं. आपला कोड बरोबर असणं पुरेसं नसतं, तो इतरांच्या कोडसोबतही बरोबर असावा लागतो.

आता फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडा आणि कर्नल व्हर्जन शोधा. ५.१५ किंवा ६.१ असा काहीतरी आकडा दिसेल. त्यात गूगल आणि फोन कंपनीचेही बदल असतात, पण मूळ कोड याच सिग्नलांमधून आलेला आहे.