न खपलेला नांगर

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. बढतीत डावललं गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात सायकलच्या धंद्यात लक्ष घातलं.

पुढे आलं कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर.

हा नांगर दोन वर्षं पडून राहिला. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. त्याला नुसतं अडाणीपण म्हणणं बरोबर नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देई. नव्याला रोख पैसा मोजावा लागणार आणि मोडला तर तो सांधणार कोण, हाही प्रश्न होताच. अशा गिऱ्हाइकाला जाहिरातीपेक्षा शेजाऱ्याच्या शिवारात उलटलेलं ढेकूळ जास्त पटतं.

नांगर खपू लागला, तर बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचं निवडुंगाने भरलेलं माळरान दिलं, वर दहा हजार रुपये बिनव्याजी.

१९१० मध्ये तिथे कारखाना आणि कामगारांची वसाहत उभी राहू लागली. सांगली जिल्ह्यातल्या त्या स्टेशनचं नाव आज किर्लोस्करवाडी आहे.