आडवी लव, उभी लव

रोज व्हॅक्यूम क्लीनर फिरतो असा एखाद्या अमेरिकन ऑफिसातला गालिचा घ्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेला, वरून अगदी स्वच्छ. त्यावर पाइल लिफ्टर नावाचं यंत्र सावकाश फिरवा आणि मग त्याची पिशवी वर्तमानपत्रावर रिकामी करा. बाहेर येते ती वाळू, मातीची बारीक पूड, केस, झिजून तुटलेले धागे आणि पुन्हा वाळू. गालिचे धुण्याच्या व्यवसायात मुरलेल्या माणसांना याचं नवल वाटत नाही, ग्राहक मात्र थक्क होतो. कालच सफाई झालेल्या गालिच्यात एवढं सगळं होतं कुठे?

ते होतं लवेच्या, म्हणजे गालिच्यावर उभ्या असलेल्या धाग्यांच्या, बुडाशी. तिथवर जायचं तर गालिचा बनतो कसा हे पाहावं लागेल, आणि त्यासाठी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावी जावं लागेल. 1895च्या सुमारास इथल्या कॅथरीन इव्हान्स या किशोरवयीन मुलीनं जुन्या पद्धतीनं, कापडातून जाड सुताचे टाके ओढून आणि त्यांची टोकं कापून, एक पलंगपोस तयार केला. तसे पलंगपोस विकले जाऊ लागले, घरोघरच्या बाया ते काम करू लागल्या, पुढे यंत्रं आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच तंत्रानं गालिचे निघू लागले. या तंत्राला टफ्टिंग म्हणतात. यात विणकाम नसतं. तयार कापडात ओळीनं लावलेल्या सुया धागा खुपसून त्याचे फास काढत जातात आणि मागून लॅटेक्सचा थर देऊन तो पक्का करतात. इंचाला आठ सुया धरल्या तर बारा फूट रुंदीच्या यंत्रावर 1152 सुया एकदम खाली-वर होतात!

आता एका चौरस इंचाचा हिशेब करू. आठ ओळी आणि प्रत्येक ओळीत इंचाला दहा टाके, म्हणजे ऐंशी टाके. फास कापलेला असेल तर प्रत्येक टाक्याची दोन टोकं, म्हणजे एकशे साठ झुबके. प्रत्येक झुबक्यात दोन पदर पिळलेले आणि प्रत्येक पदरात नायलॉनचे कित्येक डझन तंतू. तिकिटाएवढ्या जागेत दहा हजारांहून जास्त तंतू उभे असतात. आपण बूट घालून त्यांच्यावरून चालतो.

ते उभे आहेत तोवर सगळं ठीक असतं. दारापासून टेबलापर्यंत, लिफ्टपासून खोल्यांपर्यंत माणसं एकाच वाटेनं जातात, आणि त्या वाटेवरची लव वादळी पावसात भात आडवं व्हावं तशी निजते. निजलेली लव खालची जागा झाकून टाकते. पावलांबरोबर आलेली वाळू तोपर्यंत फटींतून खाली उतरलेली असते, आणि वर छप्पर पडल्यावर ती कोंडली जाते. प्रत्येक पाऊल तिला आणखी खाली दाबतं.

वाळूचे कण म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोहस् मापनश्रेणीवर त्याचा क्रमांक सात लागतो. साध्या चाकूचं पोलाद साडेपाचच्या आसपास असतं, म्हणजे वाळू त्या पोलादावरही ओरखडा काढू शकते. तिच्यापुढे नायलॉन फारच मऊ. बुडाशी बसलेले हे धारदार कण प्रत्येक पावलासरशी तंतूंवर घासतात. गालिच्याच्या रहदारीच्या वाटा करड्या दिसतात त्यामागे निव्वळ मळ नसतो. ओरखडे पडलेला तंतू प्रकाश नीट परतवत नाही, म्हणून मंद दिसतो, आणि हा मंदपणा कुठल्याही साबणानं जात नाही. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. डाग धुता येतो, झीज धुता येत नाही. वाळू आज काढली तर उद्याची झीज टळते, एवढंच आपल्या हातात असतं.

त्यात गालिच्यांचे आजचे तंतू मळ लपवण्यात पटाईत. गोल तंतू भिंगाचं काम करतो आणि त्याच्यामागची धूळ मोठी करून दाखवतो. म्हणून कारखानदारांनी तीन पाकळ्यांच्या छेदाचा तंतू काढला. तो प्रकाश असा विखुरतो की धूळ असूनही नजरेला पडत नाही. या युक्तीमुळे गालिचा बराच काळ देखणा राहतो, आणि नेमका त्याच काळात तळाशी वाळू साचत जाते. डोळ्यांवर विसंबून सफाईची वेळ ठरवणाऱ्याला इथे हमखास उशीर होतो.

मग रोजचा व्हॅक्यूम क्लीनर करतो काय? थोडा इतिहास इथे उपयोगी पडेल. लंडनच्या ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरनं 1901 मध्ये हवा खेचून धूळ काढणारं यंत्र बनवलं. ते इतकं अवजड होतं की घोडागाडीवरून न्यावं लागे आणि लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडाव्या लागत. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे या यंत्रानं साफ केले होते. पुढचं पाऊल टाकलं ते ओहायोतल्या कँटन गावी एका दुकानात सफाईचं काम करणाऱ्या जेम्स मरे स्पँग्लरनं. त्याला दम्याचा त्रास होता आणि झाडताना उडणारी धूळ सोसत नव्हती. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा, उशीचा अभ्रा आणि फिरता ब्रश यांतून त्यानं आपलं यंत्र जुळवलं. 1908 मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि विल्यम हूव्हरनं ते विकत घेतल्यावर हूव्हर हे यंत्राचं नाव साऱ्या जगाला ठाऊक झालं. त्या दमेकरी माणसाच्या बुद्धीचं मला फार अप्रूप वाटतं. धूळ वाहून न्यायला हवा पुरते, पण तिला जागेवरून हलवायला ब्रश लागतो, हे त्याच्या जुळणीत स्पष्ट दिसतं.

पाइल लिफ्टर हा याच विचाराचा पुढचा टप्पा. हलक्या यंत्रात बहुधा एकच मोटर हवाही खेचते आणि पट्ट्यानं ब्रशही फिरवते, त्यामुळे दाट लवेत ब्रश अडखळतो. पाइल लिफ्टरमध्ये ब्रशला स्वतंत्र, ताकदवान मोटर असते. ब्रश जाडजूड, आडव्या रुळासारखा, आणि त्याचे केस लांब व राठ. काही यंत्रांचं वजन चाळीस किलोंच्या आसपास जातं. हे वजन कामाचंच आहे, कारण त्यामुळे ब्रश गालिच्यावर उसळत नाही, लवेत खोल उतरतो. ब्रश निजलेले झुबके विंचरून वर काढतो, गुंतलेली टोकं सोडवतो, बुडाचे कण मोकळे करतो. लव उभी झाली की तंतूंमधून हवेला वाट मिळते, आणि मग खेचणाऱ्या हवेला ते कण वर नेता येतात. लव आडवी असताना मोटर कितीही मोठी असली तरी हवा वरच्यावर निघून जाते.

यंत्र चालवण्याचीही एक रीत आहे. गालिच्यावरून तळहात फिरवला की एका दिशेनं तो गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेनं खरखरीत. पहिली फेरी त्या खरखरीत दिशेनं, म्हणजे लवेच्या विरुद्ध मारायची, अगदी संथपणे. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवायचा. रहदारीच्या वाटांवर जास्त फेऱ्या. घाई केली तर वरचा कचरा निघतो, खालची वाळू तिथेच राहते.

आणि हे सगळं पाणी लावण्याआधी. कोरडा कण हवेनं उडतो, भिजलेला कण चिखल होऊन तंतूला चिकटतो. वाळू आत ठेवून वर रसायन फवारलं, तर त्यातलं बरंचसं मातीवरच खर्ची पडतं, आणि गरम पाण्यानं धुणाऱ्या यंत्राच्या टाकीत गाळ जमतो, गाळण्या तुंबतात. लव उभी असेल तर फवारा मुळापर्यंत पोचतो, पाणी कमी लागतं आणि वाळायलाही वेळ कमी लागतो. तरीही वेळ वाचवायला सर्वांत आधी गाळली जाते ती हीच पायरी. कारण ग्राहकाला दिसतं ते पाणी, वाफ आणि फेस. कोरडं काम त्याच्या नजरेत भरत नाही. चांगला व्यावसायिक या कामाचा वेळ दरपत्रकात वेगळा मांडतो आणि पिशवीतली वाळू ग्राहकाला दाखवतो. मला ते पूर्ण रास्त वाटतं.

गरम पाण्याचा भाग तर आणखी विलक्षण आहे. नायलॉनच्या धाग्याला कारखान्यात पीळ देऊन तो उष्णतेनं पक्का करतात, आणि तो आकार धागा लक्षात ठेवतो. पावलांनी चेपलेला तंतू नव्या, वाकलेल्या अवस्थेत अडकून बसलेला असतो. उष्णता आणि ओलावा मिळाला की नायलॉन मऊ पडतं, आतल्या रेणूंना हालचालीला मुभा मिळते, आणि तंतू जुन्या आकाराकडे परत जाऊ लागतो. ब्रशनं त्याला आधीच मोकळं केलेलं असेल तर हे परतणं सोपं जातं. पण याची दुसरी बाजूही आहे. ओली लव ज्या स्थितीत वाळते तिच्यातच बरीचशी स्थिरावते. म्हणून धुऊन झाल्यावर लांब दांड्याच्या दाताळ्यानं लव पुन्हा एकसारखी उभी करतात आणि पंखे लावून लवकर वाळवतात.

हे यंत्र सगळीकडे चालत नाही. फास न कापलेल्या, बर्बर म्हणून विकल्या जाणाऱ्या गालिच्यात राठ केस एखाद्या फासात अडकला तर अख्खी ओळ सरसर उसवू शकते. लांब लोंबत्या धाग्यांचे गालिचे, उसवलेले सांधे, पाठीचा थर सुटलेली जागा इथे ते नेऊ नये. काश्मीर किंवा भदोहीचे हातानं गाठी मारलेले गालिचे, त्यातही रेशमी, हे निराळ्या हातांचं काम आहे. चेपणं आणि गुंता होणं यांतही फरक करावा लागतो. निव्वळ चेपलेली लव छान उठते. पीळच सुटून टोकं एकमेकांत विणली गेली असतील तर यंत्र थोडंफार सोडवतं, पण नवा पीळ देत नाही.

आणि एक प्रकार असा आहे की ज्यापुढे सगळेच हात टेकतात. काही गालिच्यांवर पाणी सांडल्यासारखे गडद, वेडेवाकडे आकार उमटतात. तिथे डाग नसतो, रंगही बदललेला नसतो, फक्त त्या भागातली लव उलट दिशेनं वळलेली असते आणि प्रकाश वेगळा परतवते. पाइल लिफ्टरनं ती फिरवली तरी काही काळानं पुन्हा तशीच वळते. एकाच कारखान्यातल्या, एकाच लॉटमधल्या दोन तुकड्यांपैकी एकावर हे होतं, दुसऱ्यावर नाही. याचं नेमकं, सर्वमान्य कारण आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. चंद्रावर जाऊन आलेल्या माणसाच्या पायाखाली असं कोडं पडून आहे याचा मला मनापासून आनंद होतो.

मुंबई-पुण्याच्या ऑफिसांत आता चौकोनी कार्पेट टाइल्स सर्रास दिसतात, आणि त्यांतल्या पुष्कळशा बारीक फासांच्या असतात. तिथे मोठ्या राठ ब्रशाआधी एका कोपऱ्यात चाचणी हवीच, मऊ केसांचा ब्रश बरा, आणि एकमेकांच्या उलट फिरणाऱ्या दोन ब्रशांची हलकी यंत्रंही चालतात. मात्र कोरडी वाळू आधी काढण्याचा नियम तिथेही तोच आहे. किनाऱ्याच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, भिजलेला गालिचा वाळता वाळत नाही आणि कुबट वास धरतो. तिथे कमी पाण्यात काम होणं ही मोठीच सोय. तेव्हा शॅम्पूचं कंत्राट देताना दर विचारण्याआधी एवढं विचारा: पाणी लावण्यापूर्वी कोरडी सफाई कोणत्या यंत्रानं करणार, किती वेळ करणार, आणि निघालेला कचरा दाखवणार का?