‘आम्ही’, ‘आपण’ आणि मित्रवाहिनी : १९७१ च्या युद्धातील मराठी जवानांच्या कथनभाषेविषयी काही विचार

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत आणि त्यांत ‘आम्ही’ हे श्रोत्याला वगळणारे व ‘आपण’ हे श्रोत्याला सामावून घेणारे आहे, हे व्याकरणाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. गुजराती व सिंधी यांसारख्या काही शेजारभाषा सोडल्या, तर उत्तरेकडील आर्यभाषांत हा भेद सामान्यतः आढळत नाही. द्राविडी भाषांत मात्र तो दृढ आहे. त्यामुळे मराठीत तो त्या शेजाराने आला किंवा निदान टिकला, असे मत पुष्कळ अभ्यासकांनी मांडले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय या भेदाची उत्पत्ती हा नाही. परक्या भूमीवर, तेथल्याच लोकांच्या सेनेबरोबर खांद्याला खांदा लावून लढलेला मराठी जवान गावी परतून ती हकीकत सांगू लागतो, तेव्हा या दोन सर्वनामांपैकी तो कोणते उचलतो आणि त्या निवडीत त्याच्या परदेशी सोबत्याचे काय होते, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

प्रश्न सुचला तो लोणंदला. सातारा जिल्ह्याचा हा उत्तरेकडील भाग सैन्यभरतीसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. पुण्याहून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग लोणंदवरून जातो आणि मिरजेपुढे बेळगाव लागते. मराठा पलटणींचे केंद्र १९२२ पासून तेथेच आहे. कांद्याच्या बाजारासाठी येणारा शेतकरी आणि रजेवर येणारा जवान हे दोघेही या स्थानकाचे नित्याचे प्रवासी. या परिसरातील काही निवृत्त जवानांशी बोलताना एक वाक्य वारंवार कानांवर आले : “आपन जमालपूर घेतलं.” वाक्य साधे आहे. पण प्रस्तुत लेखकाने जमालपूर पाहिलेले नाही, शेजारी बसलेल्या त्यांच्या नातवानेही नाही, आणि तरीही आम्ही दोघे त्या ‘आपण’मध्ये होतो. जे खरोखर तेथे होते त्या बंगाली मुक्तियोद्ध्यांना मात्र त्यात जागा नव्हती.

हे नीट समजण्यासाठी जमालपूरची हकीकत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १९७१ च्या एप्रिलमध्ये मुजीबनगर येथे बांगलादेशाचे हंगामी सरकार स्थापन झाले आणि कर्नल उस्मानी यांच्या सेनापतित्वाखाली मुक्तिवाहिनी उभी राहिली. तिने देशाचे ११ विभाग पाडले होते. जमालपूरचा प्रदेश ११ व्या विभागात येई. त्याचे नायक मेजर अबू ताहेर यांनी नोव्हेंबरमध्ये कामालपूरच्या ठाण्यावरील हल्ल्यात आपला एक पाय गमावला. डिसेंबरच्या ३ तारखेस युद्ध उघडपणे सुरू झाल्यावर ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांच्या ९५ व्या पहाडी ब्रिगेडबरोबर पहिली मराठा पलटण, म्हणजेच १७६८ पासूनची ‘जंगी पलटण’, लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली या भागात उतरली. कामालपूर ४ डिसेंबरला पडले. पुढे ब्रह्मपुत्रेचे जुने पात्र ओलांडून पलटणीने जमालपूरच्या दक्षिणेकडील वाट अडविली. आतील फौज ३१ व्या बलूच पलटणीची होती. १० डिसेंबरच्या रात्री तिने वेढा फोडून निघण्याचा प्रयत्न केला. तो मराठा पलटणीने हाणून पाडला आणि ११ तारखेस गाव हाती आले. ‘जमालपूर’ हा युद्धसन्मान पलटणीस मिळाला तो यासाठी.

त्याच ११ तारखेच्या सायंकाळी टांगाइलच्या उत्तरेस, पुंगलीच्या पुलाजवळ, पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण आकाशातून उतरली आणि दुसऱ्या दिवशी तिची व जंगी पलटणीची गाठ पडली. या भेटीत एक योगायोग आहे, तो युद्धकथांत सहसा सांगितला जात नाही. ही दुसरी पॅरा पलटण मुळात तिसरी मराठा होय. १९५२ मध्ये तिचे नाव बदलले. इटलीतील मोहिमेत १० जुलै १९४४ रोजी ज्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ते नाईक यशवंत घाडगे याच तिसऱ्या पलटणीचे, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या बांधावर तोच सन्मान मिळविणारे शिपाई नामदेव जाधव हे जंगी पलटणीचे. इटलीतही स्थानिक मित्र होतेच. ऑक्टोबर १९४३ मध्ये इटलीने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, डोंगरांतून तेथील पार्टिझन लढत होते, आणि १९४५ च्या आरंभी इटालियन सैन्याच्या नव्या तुकड्याही आघाडीवर आल्या. पण तेथे भाषेचा प्रश्न सरळ होता : एकमेकांचे काही कळत नव्हते, म्हणून खुणांवर काम भागे. बंगालमध्ये तो अधिक बिकट होता, कारण तेथे अर्धे कळत होते.

हे ‘अर्धे कळणे’ भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने थोडे थांबून पाहावे असे आहे. ‘मुक्तिवाहिनी’ हा शब्द मराठी माणसाला कोणी समजावून द्यावा लागत नाही. बंगाली उच्चारात ‘व’चा ‘ब’ झाला, तरी ‘बाहिनी’तील ‘वाहिनी’ लपत नाही. (महाभारतातील गणनेप्रमाणे वाहिनी म्हणजे ८१ रथ, ८१ हत्ती, २४३ घोडे आणि ४०५ पायदळ, मुक्तिवाहिनीच्या वाट्याला यांपैकी पायदळ तेवढे आले.) भारतीय सैन्याला बंगालीत ‘मित्रबाहिनी’ म्हणत, तेही उघड आहे. ‘राग’ या शब्दाचा अर्थ ‘क्रोध’ हा बंगाली आणि मराठीत समान आहे, आजच्या हिंदीत मात्र तो रूढ नाही. पूर्व बंगालातील मुसलमान शेतकरी पाण्याला ‘पानी’च म्हणतो, पश्चिमेकडील हिंदू बंगाल्याप्रमाणे ‘जल’ म्हणत नाही.

परंतु याच सारखेपणात फसगत आहे. बंगालीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, ‘आदर’ म्हणजे लाड किंवा माया. ‘आम्ही चेष्टा करीत आहोत’ असे एखाद्या मुक्तियोद्ध्याने हल्ल्याच्या आदल्या रात्री सांगितले, तर मराठी कानाला ते कसे लागेल, याची कल्पना वाचकांनी करावी. नात्याचे शब्दही असेच आहेत. मराठी जवान थोरल्या भावाच्या भावनेने ‘दादा’ म्हणेल. पण बंगाली मुसलमान कुटुंबात दादा म्हणजे वडिलांचे वडील आणि थोरला भाऊ तो ‘भाई’. विशीतल्या पोराला आजोबा करण्याचा हा प्रकार निरुपद्रवी खरा, पण गमतीचा आहे.

यापेक्षा गंभीर गोष्ट निराळी आहे. जवानाची बंगाल्याशी बोलण्याची भाषा मराठी नव्हती, ती लष्करी हिंदुस्तानी होती. छावणीत शिकलेली ही भाषा सर्व प्रांतांच्या सैनिकांना जोडणारी. इतकी की मराठा पलटणीच्या ‘बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय’ या रणघोषातील ‘की’ हा प्रत्ययदेखील तिचाच आहे. पण पूर्व बंगालच्या खेड्यात ही भाषा कोणाची म्हणून ओळखली जाई? ती उर्दूशी इतकी जवळची की ऐकणाऱ्यास दोहोंतील भेद कळणे कठीण. आणि उर्दूच्या सक्तीविरुद्धच २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांनी प्राण दिले होते. मराठी जवान ज्या भाषेत ‘घाबरू नका’ म्हणत होता, तिच्याच बहिणीत आठ महिने दुसरे सैनिक धमक्या देत आले होते. ईस्ट बंगाल रेजिमेंटमधून फुटून आलेल्या मुक्तिवाहिनीच्या सैनिकांनी पाकिस्तानी सेनेत नोकरी केलेली असल्याने त्यांना ती समजत होती. म्हणून दुभाष्याचे काम पुष्कळदा त्यांच्याकडे येणे स्वाभाविक होते. शत्रूच्या सेनेत शिकलेली भाषा मित्राशी बोलण्यास उपयोगी पडावी, हा इतिहासाचा विनोदच म्हटला पाहिजे.

आता सर्वनामांकडे वळू. या हिंदुस्तानीत ‘हम’ एकच आहे. बंगालीतही ‘आमरा’ एकच. तेव्हा ब्रह्मपुत्रेच्या काठावर ‘हम लोग पार जायेंगे’ असे मराठी जवान म्हणाला, तेव्हा त्या ‘हम’मध्ये बंगाली सोबती आहे की नाही, हे व्याकरणाने ठरत नव्हते. ते प्रसंगाने ठरे, आणि प्रसंगी संदिग्धही राही. दोन सेनांची मैत्री या संदिग्ध ‘हम’वर उभी होती, असे मी म्हणतो. संयुक्त सेनापतित्वाचा करार कागदावर होता. १६ डिसेंबरच्या शरणागतिपत्रात जनरल अरोरा यांचा उल्लेखही भारतीय व बांगलादेशी अशा दोन्ही सैन्यांचे सेनापती म्हणूनच आहे. पण रात्रीच्या अंधारात वाट चालताना कामास येई ते हे सर्वनाम.

लोणंदला उतरल्यावर मात्र जवानास मराठीत बोलावे लागते आणि मराठी त्याला निवड करावयास लावते. येथे एक चूक टाळली पाहिजे. ‘आपण’ समावेशक आहे याचा अर्थ ते उदार आहे असा नव्हे. ते कोणाला सामावून घेते? समोरच्या श्रोत्याला. तिसरा पुरुष आत आहे की बाहेर, याविषयी ते काहीच बोलत नाही. म्हणून कथनाच्या जागी जो बसला आहे तो युद्धात नसूनही आत येतो, आणि जो युद्धात होता पण आज येथे नाही, त्याची जागा अनिश्चित राहते व हळूहळू पुसली जाते. ‘आम्ही’ त्या मानाने प्रामाणिक आहे. ते श्रोत्याला बाहेर ठेवते आणि ‘आम्ही म्हणजे कोण?’ असे विचारण्यास वाव देते. असे विचारले असता एका गृहस्थांनी काही क्षण थांबून “आमी, अन् तिथली पोरं. लई धीराची पोरं व्हती,” असे उत्तर दिले. न विचारता ती पोरे कथेत आली नसती.

सर्वनामाइतकेच क्रियापदही येथे पाहण्यासारखे आहे. ‘होड्या मिळाल्या’, ‘वाट सापडली’, ‘बातमी लागली’, ‘आम्हांला कळलं’ : या रचनांत अनुभव घेणारा चतुर्थीत किंवा अध्याहृत असतो, आणि ज्याने होडी आणली, वाट दाखविली, बातमी काढली तो कर्ता वाक्यात येण्याचे कारणच उरत नाही. यात लबाडी नाही; मराठीची ही नित्याची घडण आहे. पण मुक्तिवाहिनीचे मुख्य कार्य तर हेच होते : वाट, होडी, बातमी. म्हणजे ज्या कामाला मराठी सहजच कर्त्याशिवाय सांगते, नेमके तेच काम या मित्रांच्या वाट्याचे होते.

जमालपूरच्या वेढ्यातील एक प्रसंग सर्वत्र सांगितला जातो. ९ डिसेंबरला ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याविषयी पत्र पाठविले आणि बलूच पलटणीच्या कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून परत धाडली. गोळीची गोष्ट ऐकणाऱ्यास आवडते. पत्र कोणी नेले? “एक मानूस गेला हुता.” तो माणूस जहूरुल हक मुन्शी. मुक्तियोद्धा म्हणून ओळख पटली असती, तर तो जिवंत परतण्याची आशा थोडीच होती. बांगलादेशाने पुढे त्यांना ‘बीर प्रतीक’ हा किताब दिला. आपल्या कथनात ते ‘एक मानूस’ राहिले.

दुसऱ्या बाजूचे दुःखही शब्दांतच शोधावे. ढाक्याच्या शरणागतीच्या वेळी कर्नल उस्मानी हजर नव्हते, बांगलादेशाच्या वतीने ग्रुप कॅप्टन खोंदकर उपस्थित होते; आणि पुढे भारतात या लढाईचे नाव ‘भारत-पाकिस्तान युद्ध’ असे रूढ झाले, तर बांगलादेशात ते ‘मुक्तियुद्ध’. त्या नावाच्या फरकाने बंगाली मनाला जे वाटते त्यास बंगालीत ‘अभिमान’ म्हणतात. मराठीत अभिमान म्हणजे स्वतःविषयीची मानाची भावना. बंगालीत मात्र आपल्याच माणसाने दखल न घेतल्यामुळे वाटणारा रुसवा, असा त्याचा अर्थ आहे. परक्यावर तो करता येत नाही.

सन १९७१ मध्ये वीस वर्षांचा असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. अशा कथनांचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सूचना करावीशी वाटते. प्रमाणभाषेत उतरवून घेताना ‘आपन’चे ‘आम्ही’ किंवा ‘भारतीय सैन्य’ करू नये, कर्मणी व कर्तृहीन वाक्ये ‘सुधारू’ नयेत, आणि श्रोते कोण होते याची नोंद प्रत्येक ध्वनिफितीवर करावी. कारण तीच हकीकत नातवापुढे एका सर्वनामाने आणि जुन्या पलटणीतल्या सोबत्यापुढे दुसऱ्या सर्वनामाने सांगितली जाते. प्रश्न विचारण्याची घाई करू नये, पण एक प्रश्न अवश्य विचारावा : होडी कोणी आणली होती?