प्रवेशपरीक्षेचे इंग्रजी

मनोरीहून मालाडला जावयाचे, तर जवळची वाट खाडीवरून. तरीत बसून मार्वे गाठावे लागते. अशा गावी मराठी शाळेत शिकलेल्या मुलास कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेतील इंग्रजीची धास्ती वाटावी, यात नवल नाही. मग तो शब्दांच्या याद्या घोकतो, आणि ऐन वेळी त्यांतले निम्मे आठवत नाहीत.

हे संकट नवे नव्हे. मुंबई विद्यापीठाच्या १८५९ सालच्या पहिल्या मॅट्रिकमध्ये उत्तीर्ण झालेले न्यायमूर्ति रानडे मराठी घरातलेच होते. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांस इंग्रजी शिकविले. तिची रीत एवढीच, की इंग्रजी वाक्ये मराठीत व मराठी वाक्ये इंग्रजीत करावयाची.

केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ साली सुरू झालेल्या सीयूईटीच्या भाषापरीक्षेत उतारावाचन व शब्दज्ञान यांवर भर असतो. तेथेहि ही रीत उपयोगी आहे. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातील दहा ओळी मराठीत उतराव्या. दुसऱ्या दिवशी मूळ न पाहता त्यांचे पुन्हा इंग्रजी करावे व मुळाशी ताडून पाहावे. चुका आपोआप उघड्या पडतात. ‘मला भूक लागली’ यातला ‘मला’ इंग्रजीत कर्ता होतो. आपला विभक्तिप्रत्यय नामामागून येतो, त्यांचा संबंधदर्शक शब्द नामाआधी. ‘ए’ आणि ‘द’ यांस तर मराठीत जोडच नाही. नवा शब्द मिळाला, की सबंध वाक्यासह वहीत टिपावा.

आजीस इंग्रजी येत नसेल. पण नातवाचे भाषांतर ऐकून ‘यात काही अर्थ लागत नाही रे’ एवढे ती खास सांगू शकेल. ज्या उताऱ्याचा अर्थ आजीस सांगता आला नाही, तो आपल्यासहि समजला नाही, असे खुशाल मानावे.