केळ्याच्या वासाचे जीवाणू

पेशीतील जनुके हे सुटे भाग मानून ती ठरावीक हेतूने नव्याने जुळवणे आणि पेशी एरवी करत नाही ते काम तिच्याकडून करून घेणे, या अभ्यासशाखेला संश्लेषी जीवशास्त्र म्हणतात. शालेय जीवशास्त्रात विद्यार्थी पेशीची आकृती काढतो आणि भागांना नावे देतो; या शाखेत मात्र त्याला आराखडा करावा लागतो, तो फसला तर का फसला हे शोधावे लागते आणि हे कौशल्य नुसत्या वहीतून येत नाही.

त्यासाठी केळ्याच्या वासाचा प्रयोग बारकाईने पाहण्यासारखा आहे. जनुकांच्या जुळणीची ‘आयजेम’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा 2004 मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सुरू झाली. 2006 च्या स्पर्धेत तेथील विद्यार्थ्यांनी आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूला सुवासिक करण्याचे ठरवले. हा जीवाणू इंडोल नावाचे रसायन बनवतो व त्यामुळे त्याला दुर्गंधी येते, म्हणून त्यांनी इंडोल न बनवणारा वाण घेतला. जीवाणू वाढत असताना दुखऱ्या सांध्यांवरच्या मलमासारखा विंटरग्रीनचा वास यावा आणि वाढ थांबली की केळ्याचा, अशी त्यांची योजना होती. केळ्याच्या वासासाठी यीस्टमधील एक जनुक उपयोगी पडले. त्यापासून तयार होणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, आयसोअमाइल अल्कोहोलपासून आयसोअमाइल ॲसिटेट बनवते, आणि पिकलेल्या केळ्याचा ओळखीचा वास मुख्यतः त्याचाच असतो.

एमआयटीत शिकवणाऱ्या नताली कुल्डेल यांच्या ‘बायोबिल्डर’ या उपक्रमाने हे काम शाळेच्या प्रयोगशाळेत आणले. विद्यार्थ्यांपुढे जीवाणूंचे वेगवेगळे वाण ठेवले जातात. त्यांतील वासाचे जनुक तेच असते, पण त्याच्या आधीचा प्रवर्तक, म्हणजे जनुक केव्हा वाचले जावे हे ठरवणारी कळ, निराळा असतो. एका वाणात ते जनुकच नसते, कारण तुलनेसाठी असा साधा वाण लागतोच. वाढ किती झाली हे नळीतील द्रवाच्या गढूळपणावरून मोजायचे आणि वास किती आला हे केळ्याच्या इसेन्सच्या कमी-अधिक तीव्र द्रावणांशी ताडून नाकाने ठरवायचे. येथेच प्रयोग खरा रंगतो: एकाला तीव्र वाटणारा वास दुसऱ्याला जेमतेम जाणवतो, चार नळ्या हुंगल्यावर नाक थकते, आणि मोजमापाचे साधनच बेभरवशाचे असेल तर निष्कर्ष कितपत मानायचा हा प्रश्न मुलांपुढे आपोआप उभा राहतो. पाठ्यपुस्तकातील एखादा धडा हे इतक्या थेटपणे शिकवू शकेल असे वाटत नाही.

जनुके बदललेले जिवंत जीवाणू वर्गात आणायचे तर सुरक्षिततेची व्यवस्था आणि नियमांचे पालन आवश्यक असते; भारतात अशा जीवांच्या हाताळणीसाठी 1989 चे नियम आहेत. या अडचणीवर उपाय म्हणून 2018 मध्ये जेम्स कॉलिन्स आणि मायकेल ज्युएट यांच्या प्रयोगशाळांनी ‘बायोबिट्स’ हा संच मांडला. त्यात पेशी फोडून तिच्यातील प्रथिने बनवणारी यंत्रणा गोठवून वाळवलेली असते. त्यात पाणी आणि डीएनए घातले की चमकणारी प्रथिने तयार होतात, केळ्याचा वासही निर्माण करता येतो. मात्र येथे काहीच वाढत नाही, म्हणून वास वाढीच्या कोणत्या टप्प्यावर यावा हा मूळ प्रयोगाचा गाभा हातचा जातो, आणि ही उणीव लहान नाही.

ज्या शाळेत यांपैकी काहीच नाही तेथेही सुरुवात होऊ शकते. कुस्करलेले केळे मीठ व भांडी घासण्याचा द्रव घातलेल्या पाण्यात ढवळून गाळावे आणि त्यावर थंडगार स्पिरिट पेल्याच्या कडेने हळूच सोडावे. थोड्या वेळात दोन थरांच्या मधून पांढरट, चिकट धागे वर येतात. तो डीएनए काडीवर गुंडाळून घेता येतो, आणि केळ्याला स्वतःचा वास बनवायला लागणारी जनुकेही त्यातच असतात. मग कळ आणि जनुक यांची पुठ्ठ्याची कार्डे मुलांच्या हाती द्यावीत आणि वास केव्हा यायला हवा, त्यानुसार ती त्यांनाच जुळवू द्यावीत.