ताणाच्या खुणा : त्वचेची निगा आणि काही गैरसमज

सुरत महानगरपालिकेच्या लिंबायत विभागात मराठी भाषकांची मोठी वस्ती आहे. धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांतून ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने सुरतेस आलेल्या असंख्य खानदेशी कुटुंबांना यंत्रमाग, रंगाई-छपाई व साडीच्या व्यवसायाने येथे रोजगार दिला. यांपैकी अनेक घरांतील लेकी-सुना पहिल्या बाळंतपणासाठी गावाकडे जातात. त्यामुळे गरोदरपणातील आरोग्याविषयीच्या समजुती, तशाच गैरसमजुतीही, गाव आणि शहर यांमध्ये सारख्याच प्रवास करीत असतात. पोटावर उमटणाऱ्या ताणाच्या खुणांविषयीच्या समजुती याच प्रकारच्या होत.

गरोदरपणाच्या सहाव्या-सातव्या महिन्यानंतर पोट, कंबर, मांड्या व स्तन यांवर तांबूस किंवा जांभळट रेषा दिसू लागतात. निम्म्याहून अधिक गर्भवती स्त्रियांना त्या येतात. त्वचेच्या आतील थरात तिला बळकटी व लवचीकपणा देणारे तंतू असतात. शरीर झपाट्याने वाढू लागले म्हणजे हे तंतू ताणले जाऊन तुटतात. गर्भावस्थेतील अंतःस्रावांच्या बदलांचाही त्यास हातभार लागतो. प्रसूतीनंतर रेषांचा रंग हळूहळू फिका पडून त्या पांढुरक्या होतात, परंतु पूर्णपणे नाहीशा होत नाहीत. आईस अशा खुणा असल्यास मुलीसही त्या येण्याचा संभव अधिक असतो. कमी वयात गर्भधारणा झाल्यासही हे प्रमाण वाढते. या खुणांपासून आईस वा बाळास कोणताही अपाय होत नाही.

हा विषय आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेत ‘किक्किस’ या नावाने या विकाराचे वर्णन आलेले आहे. गर्भाला केस फुटू लागल्यामुळे आईला जळजळ होते, अशी स्त्रियांमधील समजूत त्या ग्रंथात नमूद असून आत्रेयांनी ती अमान्य केली आहे. वाढत्या गर्भाच्या दाबाकडे त्यांनी बोट दाखविले आणि खाजवू नये असा सल्ला दिला. खाजविल्यामुळे या रेषा उमटत नाहीत, हे आज ज्ञात आहे. तथापि नखांनी त्वचा सोलवटून जखमा होतात, म्हणून तो सल्ला आजही पाळण्याजोगा आहे.

तेल व मलमे यांचा उपयोग किती?

खोबरेल किंवा तिळाचे तेल चोळल्याने खुणा येतच नाहीत, असे सांगितले जाते. महागडी मलमेही याच आश्वासनावर विकली जातात. कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2012 साली सहा चाचण्यांतील 800 स्त्रियांची माहिती एकत्र तपासली असता, वरून लावण्याच्या अशा लेपांनी खुणा टळतात याचा भक्कम पुरावा आढळला नाही. याचा अर्थ तेल लावू नये असा नव्हे. तेलाने कोरडेपणा व खाज कमी होते, त्वचा मऊ राहते. यासाठी घरातील साधे तेल पुरेसे आहे. मजुरीच्या पैशातून किमती मलम घेण्यापेक्षा तोच पैसा दूध, डाळ, अंडी व फळे यांवर खर्च होणे अधिक हिताचे ठरेल.

दैनंदिन निगेत पुढील गोष्टी पाळाव्यात. स्नानास कढत नव्हे, कोमट पाणी घ्यावे. साबण सौम्य असावा. अंग खसाखसा न पुसता टिपून घ्यावे व किंचित ओलसर त्वचेवर हलक्या हाताने तेल लावावे. कपडे सुती व सैल असावेत. परकराची नाडी घट्ट आवळू नये, कारण घामाने ओल्या झालेल्या त्वचेला तिचा काच बसतो. कळण्याची भाकरी, मोड आलेली कडधान्ये व पालेभाज्या असा चौरस आहार घ्यावा. गरोदरपणात वजन साधारणतः 9 ते 11 किलो, परंतु क्रमाक्रमाने वाढावे. वजन एकदम वाढू न देणे हा खुणा कमी ठेवण्याचा त्यातल्या त्यात हाती असलेला मार्ग होय. मात्र खुणांच्या भीतीने कोणीही पोटास चिमटा घेऊ नये.

तळहात व तळपाय यांना, विशेषतः रात्री, तीव्र खाज सुटल्यास ती साधी समजू नये. यकृताच्या विकाराचे ते लक्षण असू शकते व त्यापासून गर्भास धोका संभवतो. अशा वेळी विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. लिंबायत येथील रहिवाशांना महानगरपालिकेची आरोग्य केंद्रे व स्मीमेर रुग्णालय यांची सोय उपलब्ध आहे.

खरा धोका

उष्ण, दमट हवेत घामाने भिजून काम करणाऱ्यांना जांघेत व कमरेवर गजकर्ण होते. त्यावर दुकानातून परस्पर आणलेल्या अनेक मलमांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखी स्टेरॉइड द्रव्ये असतात. खाज तत्काळ थांबते, मात्र रोग आत पसरत राहतो. त्वचा पातळ होऊन जांघेत व मांड्यांवर रुंद, कायमच्या खुणा उमटतात. गोरेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या काही मलमांतही ही द्रव्ये असतात. केंद्र शासनाने 2018 साली अशी अनेक मलमे ‘अनुसूची एच’मध्ये आणली असून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. गरोदरपणाच्या खुणा कोणाच्याही हातात पूर्णपणे नसतात. या खुणा मात्र निश्चितपणे टाळता येतात.

शिक्षकांनी एक बाब ध्यानात घ्यावी. वयात येणाऱ्या मुला-मुलींची उंची झपाट्याने वाढताना पाठीवर, मांड्यांवर अशा रेषा येतात. पाठीवरील आडव्या रेषा पाहून मारहाणीचा संशयही घेतला जातो. अशा वेळी मुलास विश्वासात घेऊन विचारावे व शंका असल्यास डॉक्टरांना दाखवावे. वर्गात या खुणांवरून चेष्टा होऊ देऊ नये.

गर्भवतीच्या घरी भेट देणाऱ्या आशा व अंगणवाडी कार्यकर्तींनी वजनाची नोंद घेताना घरात कोणते मलम वापरले जाते, हेही विचारावे. चिठ्ठीविना आणलेली नळी आढळल्यास ती घेऊन डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे. एवढ्या चौकशीने एखाद्या तरुण मजुराच्या किंवा मातेच्या त्वचेची कायमची हानी टळू शकेल.