किल्ली कुणी टाकली? गूढकथेत सांगणारा कोण, यावर थोडं

आज गूढकथेबद्दल बोलू. भुतांबद्दल नाही, गोष्ट कुणाच्या नजरेतून दिसते त्याबद्दल.

एक प्रसंग घ्या, मीच रचलेला. पहाटे पाचला एक बाई रंकाळ्यावर येते, पाण्यात किल्ली टाकते आणि निघून जाते. हे तिनंच 'मी' म्हणून सांगितलं, तर किल्ली कशाची हे तिला माहीतच आहे. सांगितलं की गूढ संपलं. नाही सांगितलं, तर आपण वैतागणार, "अगं सांग की आता!"

आता तेच चहाच्या गाडीवरच्या पोराकडून ऐका. त्याला फक्त 'डुबुक' ऐकू आलं, आणि जाताना बाईच्या एकाच पायात चप्पल दिसली. त्यानं काहीच लपवलेलं नाही, तरी आपण अडकलो. आम्ही कोडवाले याला ॲक्सेस म्हणू. पोराकडे तो नाहीच. बाईकडे आहे, पण ती देत नाही. वाचणारा पोराला माफ करतो, बाईला नाही.

शेरलॉक होम्सच्या ५६ लघुकथांपैकी बहुतेक वॉटसन सांगतो, ते यासाठीच. १९२६ साली आलेल्या दोन कथा मात्र होम्स स्वतः सांगतो, आणि त्यातल्या एकीत चक्क कुरकुर करतो: वॉटसननं मधले दुवे झाकले असते, मला माझे पत्ते उघडावे लागतायत! आपल्याकडे नारायण धारपांच्या समर्थांशेजारीही अप्पा आहेच.

उलटं उदाहरण कोल्हापुरातलंच. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) ही कादंबरी आहे, गूढकथा नाही. पण तिथे ययाति, देवयानी, शर्मिष्ठा तिघंही आपापलं सांगतात. त्यामुळे आपल्याला प्रत्येकापेक्षा जास्त कळतं. गूढ राहत नाही, जीव मात्र तुटतो.

आता एक महत्त्वाचं. बघणारा नुसता सीसीटीव्ही नको. आपल्या पोराचंच बघा ना. मालकानं गाडीवर झोपायला मनाई केलीय आणि हा तिथेच झोपला होता. म्हणजे पाहिलेलं कुणाला सांगायची सोय नाही. आणि दुसऱ्या दिवशी तीच बाई गाडीवर आली, कटिंग मागितला आणि म्हणाली, "काल थंडी वाजली असेल ना रे रात्री?"

पुढचं तुम्ही लिहा. पण पोराच्याच नजरेतून हां.